दोघांची चूल, आठवड्याचा बाजार

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक घरं दोन माणसांची आहेत. मुलं बाहेरगावी, गावात किराणा दुकान एखादंच आणि माळवं आठवडी बाजारातलं. अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरांत 'वाटी' म्हणजे आमटीची 150 मिलीची वाटी आणि 'चमचा' म्हणजे चहाचा, 5 मिलीचा.

प्रश्न : घरात आता आम्ही दोघंच. बाजार गुरुवारी, 9 किलोमीटरवर भरतो. जुन्या सवयीने भाजी जास्त येते आणि रविवारपर्यंत निम्मी फेकावी लागते. दोघांना आठवड्याला नेमकी किती भाजी लागते? फ्रिज आहे, पण वीज सहा-सहा तास नसते. (माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : एका वेळेला दोघांना फळभाजी पाव किलो पुरते. दोडका आणि दुधी यांची सालं-बिया जातात, म्हणून ते साडेतीनशे ग्रॅम धरा. मेथी निवडल्यावर निम्मी होते आणि कढईत मूठभर उरते. त्यामुळे एक जुडी म्हणजे एका वेळची भाजी, त्यात शिल्लक राहत नाही.

आठवड्याची जेवणं चौदा. त्यातली निम्मी आमटी, कडधान्य, पिठलं यांवर निघतात, म्हणजे ताजी भाजी सातच वेळा लागते. दोन पालेभाज्या, पाव किलो भेंडी किंवा गवार, पाव किलो वांगी, साडेतीनशे ग्रॅम दोडका, अर्धा किलोचा कोबीचा गड्डा आणि लाल भोपळ्याची अर्ध्या किलोची फोड एवढ्यात सात वेळा होतात. जोडीला कांदे एक किलो, बटाटे अर्धा, टोमॅटो अर्धा, मिरच्या शंभर ग्रॅम, कोथिंबिरीची एक जुडी आणि चार लिंबं. बाजारात वाटा लावून विकणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडे दोघांच्या मापाचा माल आपसूक मिळतो. काट्यावर मात्र 'अर्धा किलो घ्या, भाव कमी लावतो' असं होतं आणि तिथेच पिशवी फुगते.

तरीही आमच्या मते तुमची भाजी वजनापेक्षा क्रमामुळे वाया जाते. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी पालेभाज्या संपवा, शनिवारी भेंडी-गवार, रविवारी वांगी, सोमवारी दोडका, मंगळवारी कोबी आणि बुधवारी भोपळा. घरात कोबी दिसतो म्हणून शुक्रवारी कोबी केला की मेथी पिवळी पडणारच.

बाजारात कधी जायचं यालाही महत्त्व आहे. दिवेलागणीला भाव उतरतात हे खरं, पण दिवसभर पाणी मारलेली पालेभाजी दुसऱ्या दिवशी काळी पडते. पाला सकाळी घ्यावा. भोपळा, कोबी, कांदे-बटाटे संध्याकाळी घेतले तरी चालतात. टोमॅटो तीन पिकलेले आणि बाकीचे देठाकडे हिरवट असे निवडा, म्हणजे ते एकामागून एक पिकत जातात.

घरी आल्याबरोबर जुड्या सोडा. आवळून बांधलेल्या जुडीच्या आत ऊब साठते आणि सड मधूनच सुरू होते. पाला धुऊ नका. पिवळी-चिघळलेली पानं काढा, पाला कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि त्यावर ओलसर फडकं घाला. कोथिंबीर मुळांसकट असेल तर मुळं बुडतील इतक्याच पाण्यात पेल्यात उभी करा, पानांना पाणी लागू देऊ नका. मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या डब्यात ठेवा. देठापासून कुजायला लागतात. कांदा आणि बटाटा एका टोपलीत नकोत. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो आणि त्याला कोंब फुटतात. बटाटा अंधारात हवा. उजेडात हिरवा पडलेला भाग कडू आणि अपायकारक असतो, तो खोल कापून टाकावा. सगळाच बटाटा हिरवा झाला असेल तर फेकावा.

कांदा साठवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळी कांदा घ्या. मान वाळलेला, साल खुळखुळणारा तो कांदा हवेशीर जागी चार महिने सहज टिकतो. दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा आठवड्याला लागेल तेवढाच आणावा.

वीज नसताना फ्रिज म्हणजे बंद कपाटच. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत दोन कुंड्यांची युक्ती त्याहून बरी. एक मोठी आणि एक लहान, दोन्ही रंग न दिलेल्या मातीच्या कुंड्या घ्या. तळाची भोकं बुजवा, मोठीत चार बोटं वाळू घालून त्यावर लहान ठेवा आणि मधल्या दोन-तीन बोटांच्या फटीतही वाळू भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा, तोंडावर ओलं गोणपाट टाका आणि कुंडी सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठासारखंच. पालेभाजी दोन-तीन दिवस तजेलदार राहते. पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे या खटाटोपाचा उपयोग नाही.

प्रश्न : ज्वारीची भाकरी पहिले चार-पाच दिवस चांगली होते, नंतर थापताना चिरते. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू लागतं. गिरणीवाला पाच किलोच्या आत दळण घेत नाही. काय करावं? (औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : दोघांच्या घरात सगळ्यात जास्त वाया काय जात असेल तर पीठ. धान्य वर्षभर टिकतं, पण दळलं की घड्याळ सुरू होतं. वाटीभर पीठ म्हणजे साधारण 85 ग्रॅम, म्हणजे एक भाकरी. दिवसाला सहा भाकऱ्या धरल्या तर आठवड्याला साडेतीन किलो लागतं. एक वेळ पोळी-भात असेल तर दोन किलो. म्हणून पाच किलोचं दळण शेजारच्या घराशी वाटून घ्या, एका आठवड्याला तुमची ज्वारी, पुढच्याला त्यांची. ज्वारीचं पीठ दहा-बारा दिवसांत संपवा, बाजरीचं सात दिवसांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर. बाजरीच्या दाण्यातल्या कोंबाच्या भागात तेल बरंच असतं. दळल्यावर त्याला हवा लागते आणि ते खवट होतं. तो कडूपणा भाजून जात नाही की गूळ घालून लपत नाही.

दळण ज्वारीच्याच दळणामागून टाकायला सांगा. आधी हरभराडाळ दळली असेल तर तिचं उरलेलं पीठ तुमच्यात येतं आणि भाकरीचा रंग-वास बदलतो. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. तसंच झाकलं तर झाकणाला घाम धरतो, गोळे होतात आणि कुबट वास येतो. परातीत पसरून गार करा, मगच डब्यात भरा.

आता चिरण्याबद्दल. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नाही, तिची विरी पिठातल्या स्टार्चवर असते आणि पीठ जुनं झालं की ती जाते. ती परत आणायची तर आधण हवं. दोन भाकऱ्यांना दोन वाट्या पीठ घ्या. एक वाटीभर पाणी खळखळ उकळू द्या. त्यातलं पाऊण वाटी पाणी निम्म्या पिठावर ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. हात सोसवेल इतकं निवलं की उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. लागेल तसं उरलेलं पाणी घ्या. पाणी कोमट असेल तर काहीच साधत नाही, स्टार्च फुगायला वाफाळतं आधणच लागतं.

गोळा एका वेळी एकाच भाकरीचा मळा. आधी मळून ठेवलेले गोळे सैल पडतात आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकताना तुटते. भाकरी तव्यावर पडली की लगेच वरच्या पिठाळ बाजूला पाणी फिरवा. ते पाणी नुकतं सुकतंय तोच उलटा. पूर्ण कोरडं होऊ दिलं तर पृष्ठभाग तडकतो, वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. उलटायची घाई केली तर तव्याला चिकटते.

प्रश्न : तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी गळत नाही, दाणा वेगळाच राहतो. डाळ तर घरच्या शेतातली आहे. शिवाय कुकर पाच लिटरचा आहे, दोघांची डाळ त्यात तळाला लागते. (गंगापूर तालुका, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : संशय दोघांवर घ्या, डाळीवर आणि पाण्यावर. निवाडा सोपा आहे. दोन चमचे डाळ बोअरच्या पाण्यात आणि दोन चमचे गावातल्या आरओच्या जारच्या पाण्यात, एकाच कुकरमध्ये दोन वाट्यांत ठेवून शिजवा. जारची गळली आणि बोअरची नाही, तर पाणी जड आहे. साबणाला फेस न येणं आणि पातेल्याला पांढरा थर बसणं हीही त्याचीच खूण. पाण्यातला चुना डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला घट्ट करतो, म्हणून दाणा फुटत नाही. दोन्हीही गळल्या नाहीत तर डाळ जुनी आहे. उष्ण, दमट कोठीत दोन पावसाळे काढलेली डाळ अशी निबर होते, मग ती घरची असो की दुकानची.

पाणी जड असेल तर डाळीपुरतं जारचं पाणी वापरा. दोघांना एका वेळेला अर्धी वाटी डाळ आणि सव्वा वाटी पाणी लागतं. वीस लिटरच्या जारमध्ये महिन्याचं वरण होतं. जार नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून गार होऊ द्या, चुना तळाला बसला की वरचं निवळ घ्या. यानेही सगळा जडपणा जात नाही, पण फरक दिसतो. शेवटचा उपाय खायच्या सोड्याचा, अर्ध्या वाटीला दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढाच. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते आणि डाळीतलं ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

जुनी डाळ तासभर गरम पाण्यात भिजवा आणि शिट्ट्या मोजायचं सोडून द्या. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून दहा मिनिटं ठेवा आणि कुकर आपोआप उतरू द्या. डाळ त्या शेवटच्या वेळातच मऊ होते. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ शिजत नाही, आणि पुष्कळ घरांत नेमकं इथेच चुकतं.

कुकरचं म्हणाल तर दोघांना तीन लिटरचा पुरतो. पाच लिटरचाच वापरायचा असेल तर डाळ थेट त्यात लावू नका. तळाला जाळी आणि दोन वाट्या पाणी ठेवा, वर भांड्यात डाळ आणि त्यावरच्या भांड्यात तांदूळ. दोन वाट्यांहून कमी पाण्यात मोठा कुकर वाफ धरेपर्यंतच कोरडा पडतो. कुकरमधलं हे तळाचं पाणी बोअरचं असलं तरी चालतं, वाफेत चुना येत नाही.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे पिवळसर आणि गुळगुळीत आहेत, धुताना तरंगतात. हा प्लास्टिकचा तांदूळ आहे का? निवडून टाकावा का? (अक्कलकुवा तालुका, जि. नंदुरबार)

उत्तर : नाही, आणि टाकूही नका. ते पोषणयुक्त केलेले दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. शंका असेल तर एक दाणा चुरडून पाहा, पीठ होईल. जाळला तर पिठाचाच वास येईल. प्लास्टिक वितळून ठिबकतं. तरंगणारे दाणे धुण्याच्या पाण्याबरोबर ओतून दिले तर पोषणच ओतलं. तांदूळ दोनदाच, हलक्या हाताने धुवा आणि भात मोजक्या पाण्यात करा, पेज काढून फेकू नका. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र हा तांदूळ रोज खावा का, हे आधी दवाखान्यात विचारा.

प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो, म्हणजे दोघांना महिन्याला दहा किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. त्यातला तांदूळ बऱ्याचदा नवा असतो. नव्याला वाटीला पावणेदोन वाट्या पाणी घाला. जुन्याच्या हिशेबाने सव्वादोन घातलं तर गिच्च गोळा होतो. झालाच, तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ, कांदा आणि तिखट मिसळून थालीपीठ लावा.

प्रश्न : मटकी आणि चवळीला दोन महिन्यांत भुंगा लागतो. डब्यात कडुनिंबाचा पाला घातला तरी. (चोपडा तालुका, जि. जळगाव)

उत्तर : भोक दिसतं तेव्हा आतला दाणा खाऊन झालेला असतो. भुंग्याची अंडी दाण्याच्या सालीवर असतात, बरीचशी शेतातूनच आलेली. पाल्याने नवा किडा थोडाफार दूर राहतो, पण आतली अळी मरत नाही. म्हणून कडधान्य आणल्या आणल्या कडक उन्हात एका दाण्याच्या थराने पसरा, रोज पाच-सहा तास, तीन दिवस. पूर्ण गार झाल्यावर किलोला एक चमचा एरंडेल दोन्ही हातांनी चोळा. तेलाने अंड्यांना हवा मिळत नाही. मग घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. वापरायच्या वेळी कोमट पाण्याने धुतलं की तेल जातं.

कणगीत टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

डाळीला हा भुंगा फारसा लागत नाही, त्याला अख्खा दाणा लागतो. दोघांच्या घरात कडधान्य दोन-दोन किलोच भरावं. पाऊण वाटी मटकी मोड आल्यावर दोन वेळा पुरते, म्हणजे दोन किलो खूप दिवस जातात.

प्रश्न : मार्च ते जून बाजारात भाजी महाग आणि बेताची. रोज पिठलं किती खायचं? (आष्टी तालुका, जि. बीड)

उत्तर : पिठल्याला नावं ठेवू नका, पण रोज नको हे मान्य. उन्हाळ्याची भाजी खरी हिवाळ्यात करायची असते. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचे शेंडे खुडता तेव्हाच दोन-तीन किलो पाला सावलीत कडकडीत वाळवून चुरून ठेवा. उन्हात वाळवला तर तो तपकिरी पडतो. दोघांना एका वेळेला मूठ-दीड मूठ चुरा पुरतो. अर्धी वाटी तूरडाळ आधी पूर्ण शिजवा, मग पाला घाला. तो आंबट असतो आणि वर डाळीबद्दल सांगितलं ते इथेही लागू आहे. दाण्याचं कूट दोन मोठे चमचे, हिरवी मिरची आणि भरपूर लसणाची फोडणी दिली की छान गरगट होतं. मीठ शेवटी, चाखून. गवारही अशीच ठेवता येते. कोवळ्या शेंगा शिरा काढून मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढा आणि वाळवा. करताना अर्धा तास गरम पाण्यात भिजवा.

शेवग्याचा पाला तर बारमाही आहे आणि बांधावर फुकट. जून पानांचे दांडे चिवट लागतात, फक्त पानं ओरबाडून घ्या.

दाण्याचं कूट करताना पाव किलोच भाजा, उन्हाळ्यात ते पंधरा दिवसांत खवट होतं. सुरकुतलेले, काळपट आणि बुरशीचा वास येणारे दाणे आधीच निवडून टाका. त्यातलं विष भाजल्याने जात नाही.

आणि पिठलं करायचंच, तर ते बिनगुठळ्यांचं. दोघांना पाऊण वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी. बेसन आधी एक वाटी गार पाण्यात कालवा. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की प्रत्येक गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजते आणि आत कोरडं पीठ अडकतं, त्याच गुठळ्या. मोहरी-जिरं, सात-आठ लसूणपाकळ्या, तीन मिरच्या आणि एक कांदा यांची फोडणी करून दोन वाट्या पाणी उकळा. कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. झाकण घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. कच्चा वास गेला की झालं. ताटात येईपर्यंत ते आणखी आळतं, म्हणून पळीवरून सैल ओघळत असतानाच उतरवा.

प्रश्न : दोघांना वर्षाचं तिखट किती करावं? (कागल तालुका, जि. कोल्हापूर)

उत्तर : रोजचे दोन चमचे म्हणजे पाच-सहा ग्रॅम, वर्षाला दोन किलोच्या आसपास. देठ काढल्यावर मिरचीचं वजन घटतं, म्हणून सव्वादोन किलो मिरची घ्या. रंगाला ब्याडगी निम्मी आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी निम्मी. सगळी एकदम कुटू नका. एक किलो आत्ता कुटा. उरलेली देठांसकट, कडक वाळवून, घट्ट डब्यात ठेवा आणि दिवाळीनंतर कुटा. दळलेल्या तिखटाचा रंग सहा महिन्यांत उतरतो, अख्ख्या मिरचीचा टिकतो. कांदा-लसूण मसाल्यात ओलावा असतो, तो दोन-तीन महिन्यांपुरताच, अर्धा किलो करा. त्यातला कांदा आणि खोबरं कुरकुरीत परतलं नसेल तर पावसाळ्यात वरून पांढरी बुरशी धरते. डब्यात चमचा कोरडाच घालायचा.